टर्बो सीचा ‘८७’ स्विच: छोटी सोय, पण अटी बघून वापरा

टर्बो सीत (बोर्लंड कंपनीच्या सी कंपाइलरमध्ये) बांधलेला जुना डॉस प्रोग्राम कोप्रोसेसर (दशांश आकडेमोडीची वेगळी चिप) वापरेल की नाही, हे सोर्स हाताशी नसतानाही ठरवता येतं. प्रोग्राम चालवण्याआधी ‘सेट ८७=एन’ दिलं की आकडेमोड इम्युलेटरकडे (चिपचं काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या भागाकडे) जाते. ‘वाय’ दिलं की चिप आहे असं गृहीत धरलं जातं. नुसतं ‘सेट ८७=’ दिलं की पुन्हा आपोआप तपासणी.

‘=’ च्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. डाव्या बाजूला पडली तर डॉस शेपटीला स्पेस असलेलं वेगळंच व्हेरिएबल तयार करतो. एररही येत नाही आणि स्विचही लागत नाही. खात्रीसाठी दशांश आकडेमोड असलेला छोटा प्रोग्राम लिहून डॉस.एच या हेडर फाइलमधलं ‘_८०८७’ हे व्हेरिएबल छापा. ‘एन’ ला ० आणि ‘वाय’ ला १ यायला हवा, मग आत नंतरच्या पिढीची ३८७ चिप का असेना. चिप नसताना ‘वाय’ दिलं तर मशीन लटकू शकतं, त्यामुळे तो पर्याय जवळपास निरुपयोगीच.

मोठी अट वेगळी आहे: एक्झीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) इम्युलेटर असायला हवा. कंपाइलरच्या डिफॉल्ट ‘-एफ’ पर्यायाने तो येतो. फ्लोटिंग पॉइंटच्या (दशांश आकडेमोडीच्या) सूचना तिथे हेक्स ३४ ते ३डी या इंटरप्टच्या (इम्युलेटरला बोलावणाऱ्या हाकांच्या) रूपात असतात, आणि चिप सापडली की चालता चालता त्यांच्या जागी खऱ्या सूचना बसवल्या जातात. ‘-एफ८७’ ने बांधलेल्या प्रोग्रामात इम्युलेटरच नसतो, मग ‘एन’ देऊन काय होणार? बोर्लंडच्याच टर्बो पास्कलमध्ये ‘$एन-’ हा पर्याय असेल तर सहा बाइटचा रिअल (दशांश संख्येचा प्रकार) तसाही चिपकडे जात नाही.

खरा उपयोग भागाकार चुकवणाऱ्या १९९४ च्या सदोष पेंटियम प्रोसेसरवर दिसतो. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तराला परत ३१४५७२७ ने गुणा आणि ते ४१९५८३५ मधून वजा करा. सदोष चिपवर २५६ उरतात, ‘एन’ लावल्यावर फरक जातो. आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर भागाकार कंपाइलरच उरकून टाकेल. वेग मात्र चांगलाच घसरतो.

मायक्रोसॉफ्टच्या सी कंपाइलरचं ‘सेट एनओ८७=मजकूर’ चिपचा वापर फक्त बंद करतं, जबरदस्तीने चालू करत नाही. ‘=’ पुढे लिहिलेला मजकूर प्रोग्राम सुरू होताना स्क्रीनवर येतो, म्हणजे स्विच लागल्याचं लगेच कळतं. बोर्लंडने ही युक्ती उचलायला हवी होती. इथेही इम्युलेटर आणणाऱ्या ‘/एफपीआय’ किंवा ‘/एफपीसी’ पर्यायाने बांधलेलाच प्रोग्राम हवा.