धीर न देणाऱ्या मॅडम

मी ओसीडीच्या उपचारांसाठी ज्या क्लिनिकमध्ये जाते, तिथून ओळखीतल्या एक बाई एकाच भेटीत परत आल्या. म्हणाल्या, "अहो, त्या मॅडम धीरच देत नाहीत." अगदी खरंय, देत नाहीत. ज्यांना ओसीडी आहे, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो घालवायला तीच ती गोष्ट करत राहावी लागते, त्यांनी नेमकं त्यासाठीच इथे यावं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं पोळीभाजी केंद्र आहे, कर्वेनगरात. डबेही देतो. मेस लावलेली पोरं, एकटे राहणारे आजी-आजोबा, दोन-तीन ऑफिसं. मला जे होतं ते असं : भाजीत काचेचा तुकडा पडला असेल. स्वयंपाकघरात काच फुटलेली नसते, तरी असेल. भाजी परातीत पसरून बोटांनी चाचपायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे. मळलेली कणीक मोडून बघायची. काचेच्या बरण्या केव्हाच माळ्यावर गेल्या होत्या. डबे गेले की पोरांना फोन, "जेवण बरं होतं ना रे?" "एक नंबर, काकू!" म्हणाला की पाच मिनिटं बरं वाटायचं. मग डोक्यात यायचं, हा जेवला, पण ह्याच्या रूममेटचं काय?

आधी एकीकडे समुपदेशनाला जात होते. बाई फार गोड बोलायच्या. मनगटाला रबरबँड लावायचा, विचार आला की तो ताणून सोडायचा आणि मनात 'थांब' म्हणायचं. दर वेळी निघताना म्हणायच्या, "तुमच्या हातून असं कधी होणारच नाही." इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून फोन करावासा वाटायचा.

इथे पहिल्या भेटीत येल-ब्राउनची प्रश्नावली भरून घेतात, ओसीडी किती तीव्र आहे ते मोजायला. दहा प्रश्न, पाच विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल, एकूण गुण ४०. माझे २८ आले, म्हणजे तीव्र गटात. मी विचारलं, "पण मॅडम, भाजीत काच नसेलच ना?" त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही." मी बघतच राहिले. "तुम्हालाही माहीत नाही, आणि कधीच शंभर टक्के कळणार नाही. ते न कळता डबा पाठवता येतो का, एवढंच इथे शिकायचं."

ह्याला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि भीती घालवण्यासाठी जे काही करतो ते करायचं नाही. व्हिक्टर मायर नावाच्या माणसाने १९६६ मध्ये लंडनच्या इस्पितळात दोन बायकांवर हे करून पाहिलं होतं, असं मोठ्या मॅडम सांगत होत्या. तोपर्यंत हा आजार उपचारांना दाद न देणारा समजला जायचा. चाचपून बघितलं की भीती उतरते, म्हणून मेंदू चाचपायलाच शिकतो, आणि कोणी धीर दिला की तेही चाचपणंच. हे समजल्यावर त्या गोड बाईंकडे जाऊन माझा आजार का वाढत गेला ते कळलं.

इथे मोठ्या मॅडम आणि धाकट्या मॅडम अशा दोघी आहेत, आणि एक सर. दोघींनी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलंय, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी भिंतीवर लावलेली आहे. कुठेही जा, ती बघून घ्या, कारण 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावतं. मोठ्या मॅडम पहिली तपासणी करतात, समजावतात उत्तम, पण घड्याळ बघतात. खरं काम माझ्यासोबत केलं ते धाकट्या मॅडमनी. वय माझ्या मुलीएवढं. पहिल्या दिवशी मनात आलं, ही काय शिकवणार मला!

तिने पहिल्यांदा एक यादी करायला लावली. कोणत्या गोष्टीने किती जीव घाबरतो, शून्य ते शंभर. काचेची बरणी ओट्यावर ठेवणे, ३०. भाजी न चाचपता डबे भरणे, ७०. फोन न करता झोपणे, ८५. पण मी अडले एका गोष्टीवर. मी लोकांना खायला घालते, निष्काळजी कशी होऊ? तेव्हा तिने विचारलं, "शेजारच्या केंद्रात तांदूळ किती वेळा निवडतात?" एकदा. पीठ एकदा चाळतात, पालेभाजी धुऊन एकदा बघतात, केस बांधतात. "तेवढं सगळं करायचं. त्याच्यावरचं ते आजाराचं." हा फरक आधी कोणीच करून दिला नव्हता. स्वच्छता सोडा असं ती कधीच म्हणाली नाही.

मग बरण्या माळ्यावरून खाली आल्या. एक दिवस तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, 'आजच्या फ्लॉवरच्या भाजीत काच असेलही.' आणि मोठ्याने वाचायला लावलं, पुन्हा पुन्हा. आधी घशातून आवाज निघेना, रडले. नंतर नंतर त्या वाक्याचा अक्षरशः कंटाळा आला. ती समोर शांत बसून होती. पाणी पुढे केलं, पण 'काही होणार नाही' हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. माझ्या मते हीच तिची खरी हुशारी, कारण समोर आईच्या वयाची बाई रडत असताना गप्प राहणं सोपं नसणार.

ह्यांनाही एकदा बोलावून घेतलं. ह्यांना दिवसातून कितीतरी वेळा "अहो, पडलं नसेल ना काही?" विचारायची मी, आणि हे पेपरातून डोकं न काढता "नाही गं" म्हणायचे. तिने सांगितलं, "काका, उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, हा आजाराचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही." हे जरा जास्तच मन लावून करायला लागले. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी तेच उत्तर!

भाचा एमपीएससीच्या तयारीला आमच्याकडे असतो, त्याला पॅनिकचे झटके यायचे. छाती धडधडली की 'मावशी, मी जातोय' म्हणायचा. त्याला सरांकडे दिलं. सरांनी आधी ईसीजीचा कागद बघितला आणि मग त्याला खुर्चीवर गरगर फिरवलं, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, जिने चढवले. धडधड मुद्दाम आणायची आणि तिने काही होत नाही हे अंगालाच कळू द्यायचं. सर गप्पिष्ट आहेत, तिशीच्या आतल्या पोरांशी त्यांचं जमतं. मला ते जमले नसते.

गोळीसाठी मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस येतात. मला सर्ट्रालिन दिली. ओसीडीला नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त डोस लागतो आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, हे त्यांनी आधीच बजावलं, म्हणून मी मध्येच सोडली नाही. सुरुवातीला मळमळ होती, झोप उडाली होती. डॉक्टर तीन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. प्रश्न लिहून न्या.

आता पैसे. दर भेटीला दीड हजार आणि पाऊण तास, आमच्यासारख्यांना जड आहे. मेडिक्लेममधून मिळाले नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण माझी पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देते, आणि इथे ॲडमिट कोण होतंय? मधल्या टप्प्यात भेटी लांबवून दिल्या, ते त्यांनी स्वतःहून केलं, हे सांगितलं पाहिजे.

तक्रारी आहेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा नाही. रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने "ओसीडीवाल्या काकू" म्हणून हाक मारायची; सांगितल्यावर थांबली. वेटिंगमध्ये निम्मे लोक दाराच्या कडीला हात लावत नाहीत, त्यामुळे दार कोणीतरी आतून उघडेपर्यंत ताटकळतात. तिथे एक दार सताड उघडं ठेवा असं मी सुचवलं, तर धाकट्या मॅडम हसून म्हणाल्या, "मुद्दामच बंद ठेवलंय."

परवा प्रश्नावली पुन्हा भरली, १३ आले. विचार अजून येतो, बहुतेक फ्लॉवर चिरतानाच. येतो आणि मी डबे भरते. फोन करत नाही, उलट मेसमधल्या एकाने परवा स्वतःच फोन केला, "काकू, बरं नाहीये का? हल्ली विचारत नाही."

धाकट्या मॅडमची वेळ हवी असेल तर सकाळी अकराच्या आत फोन करा, शनिवार मिळत नाही. पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत न्या, ते विचारतातच. आणि बाहेर येताना जर वाटलं की आपल्याला कोणी धीरच दिला नाही, तर पुढची वेळ तिथल्या तिथे घेऊनच खाली उतरा.