मॅक की विंडोज? आधी फुटेज दाखवा

व्हिडिओ आणि साऊंडच्या कामात नव्यानं पडणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मॅक घेऊ का विंडोज? मी उलट विचारते, कॅमेरा कुठला आहे आणि तो कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या कुठल्या पद्धतीत, रेकॉर्ड करतो? समोरच्याला वाटतं, ही टाळाटाळ करतेय. पण निम्मा निकाल तिथेच लागतो.

माझ्या टेबलावर दोन्ही आहेत. माहितीपटांचं एडिटिंग आणि साऊंड एम१ प्रोच्या मॅकबुकवर करते. थ्रीडी आणि मोशन ग्राफिक्ससाठी विंडोजचा टॉवर आहे, त्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. दोन्हींशी रोजचा संबंध असल्यामुळे कुणाचीच भक्त नाही, आणि भक्तांशी वाद घालायची हौसही आता उरलेली नाही.

तर कोडेक. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ या कोडेकमध्ये १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात (हे आकडे म्हणजे रंग किती बारकाईनं साठवला ते). रंगाची माहिती भरपूर, ग्रेडिंगला (नंतर रंग सुधारायला) वाव, आणि फाईल तरीही आटोपशीर. पण ही फाईल उलगडणं प्रोसेसरला जड जातं. त्यात बहुतेक फ्रेम स्वतंत्र साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमवरून त्या पुन्हा रचाव्या लागतात. टाइमलाइनवर मागेपुढे करत राहिलं की ही रचना दर वेळी नव्यानं. म्हणून चिपमध्ये या कामाचा वेगळा डिकोडर असावा लागतो. ॲपलच्या एम१ पासून पुढे तो आहे. विंडोजकडे मात्र 'भारी मशीन' एवढ्यावर भागत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं क्विक सिंक नावाचं हार्डवेअर हे काम करतं, पण ते असतं प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेतला तर ते ग्राफिक्सच मिळत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ चा डिकोडर आला तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत. त्याआधीच्या सगळ्यात महागड्या कार्डातही तो नव्हता.

यामुळे मजेशीर प्रकार होतो. मोठं कार्ड घातलेला टॉवर टाइमलाइनवर अडखळतो, शेजारचा पातळ लॅपटॉप सुरळीत चालतो, आणि लोक निष्कर्ष काढतात की मॅकच वेगवान. तेच फुटेज प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या कोडेकमध्ये बदलून घ्या, नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून घ्या, टॉवर मुकाट्यानं पळायला लागतो. मुद्दा फक्त तेवढा वेळ आणि तेवढी डिस्क हाताशी आहे का, हा. शूट संपलं त्याच रात्री रफ कट पाठवायचा असेल तर नसते. माझ्या एडिटिंगसाठी मॅकबुक जिंकतं ते या एका कारणामुळे. शिवाय चार्जरविना तो जेवढा वेग देतो तेवढाच चार्जर लावल्यावर देतो, आणि पंखा क्वचितच ऐकू येतो. साऊंड करणाऱ्याला याची किंमत कळेल.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडलं की पारडं फिरतं. त्याच्या सायकल्स रेंडररला (सीनचं अंतिम चित्र बनवणारा भाग) ॲपलच्या मेटलचा, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून काम करून घेण्याच्या व्यवस्थेचा, आधार मिळाला २०२२ साली, ३.१ आवृत्तीत. एनव्हिडियाचे कूडा आणि ऑप्टिक्स हे तसेच आधार तोपर्यंत तिथे मुरलेले होते. एम३ पासून ॲपलच्या चिपमध्येही रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढायचं) हार्डवेअर आलं आणि अंतर घटलं, तरी ॲनिमेशनच्या फ्रेम रात्रभर लावायच्या असतील तर मी डोळे झाकून टॉवरकडे जाते. दोन वर्षांनी कार्ड कमी पडलं तर तेवढंच बदलता येतं, ही त्यातली मोठी सोय. मॅककडे ती वाट बंद आहे. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये पीसीआयई स्लॉट (जादा कार्डं बसवायच्या खाचा) आहेत, पण त्यात ग्राफिक कार्ड चालत नाही. एवढी मोठी पेटी आणि आत कार्डाला मज्जाव, हे मला अजून पटलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मॅक इथेही वरचढ ठरतो. टॉवरच्या कार्डाची मेमरी ठरलेली असते, समजा १२ जीबी. दाट गवत, केस, मोठमोठी टेक्स्चर असा सीन त्यात मावला नाही की वेग कोसळतो, किंवा रेंडर सरळ नकार देतं. ॲपलच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, त्यामुळे ३२ जीबीच्या मॅकवर असा सीन सावकाश का होईना, पूर्ण होतो. पण ही मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून मॅक घेणाऱ्याला माझा एकच हट्ट असतो: आतली एसएसडी लहान घेतलीस तरी चालेल, थंडरबोल्टवर बाहेरची लावता येते, पण रॅममध्ये काटकसर करू नकोस.

साऊंडचं गणित वेगळं. मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची व्यवस्था सिस्टिममध्येच आहे. बहुतेक यूएसबी इंटरफेस (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) जोडला की चालतो, आणि गरज पडली तर दोन इंटरफेस एकत्र करून एकच असल्यासारखे वापरता येतात. विंडोजवर एएसआयओ हा साऊंडचा ड्रायव्हर लागतो आणि तो इंटरफेस बनवणारी कंपनी देते. म्हणजे तुमचा अनुभव विंडोजपेक्षा त्या कंपनीच्या हातात. चांगला ड्रायव्हर असेल तर ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवणारी जागा), म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, दोन्हीकडे निभतो. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागे पडल्यासारखा वाटत नाही.

उलट जुन्या गोष्टी जपण्यात विंडोज कितीतरी दिलदार आहे. मॅकनं २०१९ च्या कॅटलिनापासून ३२-बिट सॉफ्टवेअर पूर्ण बंद केलं, विंडोजवर ते अजून चालतं. ज्यांच्या जुन्या प्रोजेक्टात बंद पडलेल्या कंपन्यांचे प्लगइन (जोड सॉफ्टवेअर) अडकलेत त्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. मॅकची नवी आवृत्ती आली की मी काही महिने तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आधी सगळे प्लगइनवाले 'चालतं' म्हणोत, मग पाहू.

सॉफ्टवेअर निवडताना मात्र जरा पुढचं बघा. फायनल कट (एडिटिंग) आणि लॉजिक (संगीत) फक्त ॲपलच्याच मशीनवर, म्हणजे मॅक आणि आयपॅडवर. लॉजिक एकेकाळी विंडोजवरही होतं. २००२ मध्ये ॲपलनं ते बनवणारी इमॅजिक ही कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती थांबवली. वापरणाऱ्यांनी एक तर मशीन बदलावं किंवा सॉफ्टवेअर. मी म्हणूनच एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हमध्ये आणि मिक्सिंग रीपरमध्ये करते. दोन्ही मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हींवर आहेत, प्रोजेक्ट इकडून तिकडे उघडतो. प्लगइन घेताना व्हीएसटी३ या प्रकारातली आवृत्ती आहे ना ते पाहते, कारण एयू हा ॲपलचा प्रकार ॲपलबाहेर चालत नाही. फायनल कट वाईट आहे असं मुळीच नाही. एकट्यानं झपाट्यानं कट लावायचा असेल तर त्याची चुंबकी टाइमलाइन (क्लिप आपोआप एकमेकींना चिकटतात) मला अजून हेवा वाटावा अशी आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. मॅकबुकचा पडदा सुंदर आहे, पण एक्स्पोर्ट केलेली फाईल क्विकटाइममध्ये फिकट दिसली म्हणून घाबरून ग्रेड बदलू नका. रेक.७०९ या व्हिडिओच्या रंगमानकाचा गॅमा, म्हणजे उजेड-अंधाराचा चढ, तिथे वेगळ्या पद्धतीनं दाखवला जातो. क्लायंटचा फोन आला तर आधी विचारा, कुठल्या प्लेअरमध्ये बघताय.

दोन्ही मशीन वापरणाऱ्यांसाठी डिस्कचा विषय टाळता येत नाही. मॅक मुळात विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर दोन्हीकडे लिहिता येतं, पण त्यात जर्नलिंग, म्हणजे चालू बदलांची नोंद ठेवणं, नाही. कॉपी चालू असताना केबल निसटली तर फाईलींची वाट लागू शकते. मी एक्सफॅट फक्त ने-आण करायला वापरते, मूळ फुटेज त्यावर ठेवत नाही. आणि फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह नको. मॅकला ते चालतं, विंडोजला नाही.

लिनक्सचं विचाराल तर ब्लेंडर, क्रिटा (चित्रांसाठी), आर्डर (साऊंडसाठी) ही मंडळी तिथे उत्तम नांदतात, आणि व्हीएफएक्सचे (व्हिज्युअल इफेक्ट्सचे) मोठे स्टुडिओ कित्येक वर्षं लिनक्सवरच काम करतात. पण अडोबीचं सॉफ्टवेअर तिथे नाही, आणि रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ किंवा एच.२६५ उघडत नाही. म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली फाईल आधी बदला, मग कामाला बसा. ज्याला थ्रीडीच करायचंय त्यानं खुशाल जावं. रोज कॅमेऱ्याचं फुटेज हाताळणाऱ्याला मी नाही पाठवणार.

माझी स्वतःची पुढची खरेदी म्हणजे टॉवरसाठी ४:२:२ उलगडणारं नवं कार्ड. मॅकबुकला तूर्त धक्का लावणार नाही.