साडेआठ हजार गेले, पेपर बी गेला

नेट झालंय, भूगोलात पीएचडी झालीय, तरी नकली संशोधन-जर्नलला फसलो. लाज वाटती सांगायला, पण आपल्याकडं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या हिशोबानं, राबणारे अजून किती जण याच रांगेत असतील म्हणून लिहितोय.

जून 2024. प्राध्यापक भरती निघणार निघणार म्हणून सगळेच छापलेल्या पेपरांचे पॉइंट गोळा करत होते, माझा एक रिसर्च पेपर कमी पडत होता. केअर लिस्टातल्या, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीतल्या, एका जुन्या त्रैमासिकाच्या नावानं व्हॉट्सॲप आला. मी काय डोळे झाकून पैसे टाकले नाहीत, लिस्टात नाव बघितलं, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळखनंबर बघितला, दोन्ही तंतोतंत. जुळणारच की, खरं त्रैमासिक फक्त छापील निघतं, त्याची वेबसाइटच नाही, चोरानं त्याच नावानं अन् त्याच नंबरावर साइट उघडलेली. केअरच्या साइटवर क्लोन, म्हणजे असल्या नकली, जर्नलची वेगळी यादी असायची, ती मी उघडलीच नाही. (आयएसएसएन फुकट मिळतो, दर्जाबिर्जा काही सांगत नाही.)

फीचं विचारलं तर म्हणे, सर ओपन ॲक्सेस आहे, वाचणाऱ्याला फुकट म्हणून लेखकानं द्यायचे, परदेशात तर हजार-दोन हजार डॉलर घेतात. हे खोटं नाही, तिथंच तर गोम आहे! पण डीओएजे म्हणून ओपन ॲक्सेस जर्नलांची जी जागतिक यादी आहे, तिच्यातली बहुतेक जर्नल लेखकाकडून रुपयाही घेत नाहीत, हे मला नंतर कळलं. 5,500 प्रोसेसिंग, 1,800 डीओआयचे (म्हणजे नेटवर पेपर उघडायच्या कायमच्या नंबराचे), 1,200 सर्टिफिकेट आणि हार्डकॉपी. एकूण 8,500. मानधन चार महिन्यांचं थकलेलं, बायकोच्या भिशीतून दिले.

आता कुठं कळायला पाहिजे होतं ते ऐका. दोन दिवसांत रिव्ह्यू आला. माझा पेपर बालाघाटातल्या पाझर तलावांचा, त्याखालच्या 62 विहिरींचा. रिव्ह्यूअर लिहितो, "62 रुग्णांची निवड योग्य आहे." बायकोला हसत दाखवलं तर ती म्हणाली, "विहिरींना रुग्ण म्हणतेत का हो?" आणि मी तिला म्हणलो, टायपिंगची चूक असल. कोणत्या कीबोर्डवर विहिरीचा रुग्ण होतो? अजून रात्री आठवलं की झोप उडती. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं नाव आलं, तेही गिळलं.

वर्षभरानं छाननीत पेपर उडवला. डीओआय टाकून बघितला तर काहीच उघडत नाही, 1,800 रुपयांचा नुसता आकडा. पैसे देण्याआधी त्यांच्या जुन्या पेपरचा एखादा डीओआय उघडून बघा, दोन मिनिटं लागतात.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "पैसे दिले, पेपर छापला, सर्टिफिकेट आलं, मग फसवणूक कशात बसवू?" सायबरला पाठवलं, तिथं म्हणे 1930 ह्या सायबर हेल्पलाइनला तवाच फोन करायचा असतो. तवा कळलं असतं तर पैसे दिले असते का? विद्यापीठात तीन चकरा, दर चकरेला एसटीचं भाडं आणि एक तासिका बुडालेली, शेवटी एका टेबलावर उत्तर मिळालं की फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं केअर लिस्टच बंद केली, आता जर्नल ज्याचं त्यानं पारखायचं. मग पॉइंट मोजताना तुम्ही पारखणार, फसताना आम्ही एकटे! पेपर मोजायची सक्ती तुमची, दुकान चोराचं, खिसा आमचा.

तोच पेपर सुधारून एका खऱ्या जर्नलला पाठवला. सॉफ्टवेअरनं 94 टक्के चोरीचा दाखवला, माझ्याच पेपराशी जुळला म्हणून. क्लोनवाल्याला मेल केला, बाबा काढून टाक. त्याचं उत्तर मात्र दहा मिनिटांत आलं: विड्रॉवल चार्जेस 3,000 रुपये, खाली तोच क्यूआर.