मॅन पेज कोडच्या घरात की वेगळं बिऱ्हाड?

स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम किंवा डिस्ट्रो (लिनक्सभोवती बांधलेली तयार सिस्टिम) उभी करताय आणि डॉक्युमेंटेशन कुठे ठेवायचं यावर अडलंय? 'नंतर बघू' हा पर्याय मी धरत नाही. उरले तीन.

ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिममध्ये कमांडचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलवर वाचायचं माहितीचं पान, तिच्या सोर्स कोडशेजारीच, त्याच फोल्डरमध्ये राहतं. कमांडला नवा फ्लॅग (जोडून द्यायचा पर्याय) आणलात आणि पान तसंच ठेवलंत, तर काम अर्धवट धरलं जातं. चुकीचं पान हा तिथे बगच. मॅन पेज दाखवणाऱ्या मॅनडॉकचा लिंट (तपासणी) मोड मांडणीतल्या चुका पकडतो. वाक्य खरं आहे का, हे मात्र माणसानंच पाहायचं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मशीनवर जी आवृत्ती, पानही तिचंच.

लिनक्समध्ये सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं सिस्टिमकडे काम मागायची सोय) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, त्याचं सी भाषेतलं वेष्टन ग्लिबसी या लायब्ररीत आणि मॅन पेज तिसऱ्याच प्रकल्पात. कर्नलचा पॅच (कोडमधला बदल) आत जातो, पानाचा मागे राहतो. तरी या वेगळ्या बिऱ्हाडाला नावं ठेवण्याआधी फाइल बंद करणाऱ्या 'क्लोज' कॉलचं पान वाचा. ईआयएनटीआर (काम मध्येच अडवलं गेल्याची) एरर आली म्हणून पुन्हा क्लोज करू नका, असं ते सांगतं. लिनक्सनं डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) आधीच मोकळा केलेला असतो आणि तोच नंबर एव्हाना त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडला (समांतर चालणाऱ्या धाग्याला) मिळालेला असू शकतो, म्हणजे तुम्ही त्याची फाइल बंद कराल. इतर काही युनिक्सवर नियम वेगळा, तेही तिथेच लिहिलंय. 'ओपन'च्या पानावर ओ_क्लोएक्झेक या फ्लॅगपुढे 'लिनक्स 2.6.23 पासून' अशी नोंद आहे. जुन्या कर्नलवरही चालेल असं काही लिहिणाऱ्याला ती सोन्यासारखी. असं लिहायला कोडपासून दोन पावलं लांब उभा असलेला माणूस लागतो, आणि अशी माणसं एकदोनच असतात. मायकेल केरिस्क यांनी 2004 पासून हा गाडा कित्येक वर्षं ओढला. पुढचे मेंटेनर अलेहान्द्रो कोलोमार यांनी 2024 मध्ये बिनपैशाचं काम परवडेना म्हणून थांबत असल्याचं कळवलं, तेव्हा कुठे प्रायोजक पुढे आले.

कर्नलच्या आतल्या फंक्शनांची माहिती मात्र कोडमधल्या कॉमेंटमध्येच असते. पॅरामीटरचं नाव बदललं आणि कॉमेंट जुनीच राहिली, तर या कॉमेंट वाचून डॉक्युमेंटेशन बनवणारं कर्नल-डॉक कुरकुरतं. 'लॉक धरून बोलवा' ही सूचना शिळी झाली, तर ते गप्प.

तिसरा पर्याय विकी. आर्च या डिस्ट्रोच्या आर्चविकीवर डेबियन ही दुसरी डिस्ट्रो वापरणारेही जातात, यातच काय ते आलं. पान जुनं झालं तर कुणीही वर तसा फलक लावू शकतं. दुरुस्त करायला कुणी येईलच, याची हमी नाही.

मी कमांड आणि कॉल कोडसोबत ठेवीन, एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत). इन्स्टॉलेशन आणि हार्डवेअरच्या भानगडी विकीवर. वेगळा प्रकल्प काढायचा तो एकच पान दोन-तीन सोर्सवर अवलंबून असेल तेव्हाच. तसं झालंच, तर कोड मर्ज करायच्या (मुख्य कोडमध्ये घ्यायच्या) आधी पानाचा पॅच मागून घ्या. मर्ज झाल्यावर कुणी लिहीत नाही. मीही लिहिलेलं नाही.