जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: काही महिन्यांनंतर, आणि मुख्यतः ल आणि श बद्दल

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात साफसफाईला दिला. संध्याकाळी घरी आणून सुरू केला तर समोर विंडोज! फोन केला. "काकू, आत काहीतरी वेगळंच टाकलेलं होतं, आमच्या मुलाला कळेना. फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलंय. ॲक्टिव्हेट पण केलंय, त्याचे पैसे नाही लावले." पंखा साफ करायला डिस्क पुसावी लागते का, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन भांडले आणि पैसे परत घेतले. पण पैशांपेक्षा चीड दुसऱ्याच गोष्टीची आहे. परवाना मोडून विंडोज 'ॲक्टिव्हेट' करणारी असली हत्यारं संपूर्ण मशीनचा ताबा मागतात. त्याच मशीनवर माणसं बँकेचा पासवर्ड टाइप करतात, आणि दुकानदार हे भेट म्हणून देतो.

माझं काम वाचलं, कारण त्याची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर जाते. मिंट वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्यातलं टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त सिस्टिमचा फोटो काढून ठेवतं, तुमच्या फायली त्यात नसतात. त्यासाठी मिंटमध्येच वेगळं बॅकअप टूल आहे. पेन ड्राइव्हवरून मिंट पुन्हा टाकलं, फायली परत घेतल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळं जागेवर होतं. एरवी सहा महिन्यांनी लिहिलं असतं, ते या रागामुळे आत्ताच लिहिते आहे.

मी घरून मराठी टंकलेखन आणि मुद्रितशोधन करते. लॅपटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे आमचं मशीन बाद. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येतात, पण पुढे प्रश्न तोच. नव्या लॅपटॉपला पंचेचाळीस-पन्नास हजार. त्यातच 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव चढवले. ज्या मशीनचा कीबोर्ड, पडदा, बिजागरी सगळं ठणठणीत आहे ते भंगारात का घालायचं? भाच्याने एक साधी एसएसडी बसवली आणि मिंटची सिनॅमन (हा तिचा डेस्कटॉप) आवृत्ती टाकून दिली. वेग, बूट होण्याचा काळ, दिसणं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच की मशीन पूर्वीपेक्षा चपळ आहे आणि अपडेट मला विचारून होतात.

आता मूळ मुद्दा.

मराठीचा ल आणि हिंदीचा ल एक नाही. आपला पाकळ्यांचा, त्यांचा उभ्या दांड्याचा. श चंही तेच, आपला देठाचा. शासनानेही मराठी वर्णमाला प्रमाण करताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच धरले आहेत. आणि तरी संगणकावर वर्षानुवर्षं आपण हिंदी वळण निमूटपणे वाचत आलो. पहिलीच्या मुलाला वहीत एक अक्षर गिरवायला लावायचं आणि पडद्यावर दुसरं दाखवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. मुद्रितशोधन करताना तर डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं.

मिंटवर लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर उघडलं, भाषा मराठी केली आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये पान भरून ल आणि श आपोआप आपल्या वळणाचे झाले. मी खरंच खुर्चीतून उठले. यामागे जादू नाही. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत ल चा क्रमांक एकच आहे, पण चांगल्या फॉन्टमध्ये त्याच क्रमांकाची दोन चित्रं असतात. मजकूर मराठी आहे असं प्रोग्रॅमने सांगितलं की फॉन्ट मराठी चित्र पुढे करतो. ही निवड हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं, आणि लिब्रेऑफिस 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून सगळीकडे तेच वापरतं. म्हणजे विंडोजवरच्या लिब्रेऑफिसमध्येही हे जमतं, त्यामुळे श्रेय एकट्या मिंटला देत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा मोफत फॉन्टही जरूर वापरून बघा.

करायचं काय? टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेजेस. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या ओळीत मराठी निवडा. फक्त चालू फाइलसाठी नव्हे, कायमचं. जुनी फाइल असेल तर सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा, कारण बाहेरून आलेल्या बऱ्याच फायलींवर हिंदीचा शिक्का असतो.

पण लिब्रेऑफिसमधून बाहेर आले की फायलींच्या नावांत पुन्हा हिंदी ल! 'लग्नपत्रिका', 'शाळा', 'लेखसंग्रह', सगळी नावं परकी. ही एक गोष्ट मला आठवडे छळत होती. मेन्यू इंग्रजीत ठेवला की खिडक्यांत अक्षरं मांडणारा पँगो हा भाग देवनागरी दिसताच मजकूर हिंदी आहे असं गृहीत धरतो. का धरतो? देवनागरीसाठी त्याच्याकडे नमुना भाषा म्हणून हिंदी नोंदलेली आहे. आपण सांगितलं नाही तर मराठी त्याच्या गावीही नसते. उपाय दोन. अख्खी सिस्टिम मराठी करा, पण मराठी मेन्यू अर्धेमुर्धे भाषांतरित आहेत आणि कामाच्या घाईत ते अडतात. किंवा मेन्यू इंग्रजीच ठेवून पँगोला भाषांचा क्रम द्या: आधी इंग्रजी, मग मराठी. होम फोल्डरमधल्या प्रोफाइल नावाच्या लपलेल्या फायलीत 'पँगो लँग्वेज' या व्हेरिएबलची एक ओळ टाकायची, लॉगआउट करून परत यायचं. व्हेरिएबलचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. मूल्य म्हणजे दोन्ही भाषांचे दोन अक्षरी संकेत, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. त्या एका ओळीने माझ्या फोल्डरमधलं प्रत्येक नाव मराठी झालं.

एवढ्याशा गोष्टीला इतकी जागा कशाला, असं कुणी म्हणेल. मी दिवसभर अक्षरं बघते, माझ्यासाठी मशीन म्हणजे हीच अक्षरं. आणि महाराष्ट्रात बसून आपलीच वर्णमाला दिसावी यासाठी लपलेल्या फायलीत ओळ टाकावी लागू नये. भाषा आणि कीबोर्ड मराठी निवडणाऱ्याला ते आपसूक मिळायला हवं.

टंकनाबद्दल माझं मत मध्येच बदललं. मी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवाली, मला अडचण नव्हती. यादीत 'मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट' मिळतो आणि ऱ्य साठी शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश, हा क्रम बोटांना पाठच आहे. रुपयाचं चिन्ह भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये उजव्या ऑल्टसह चारवर मिळतं. पण माझ्याकडे टंकनाला येणारी मुलगी रोमन अक्षरांनी मराठी लिहिते, आणि तिच्यासाठी आयबस हे टंकनाच्या पद्धती पुरवणारं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागलं. इंग्रजी-मराठी बदल एका जागी, आयबसचा बदल दुसऱ्या जागी, आणि दोघांचे शॉर्टकट एकमेकांवर आदळत. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका, असं मी तेव्हा दोन-तीन जणींना सांगितलंही होतं. जानेवारी 2026 मध्ये आलेल्या मिंटच्या 22.3 आवृत्तीत, म्हणजे सिनॅमन 6.6 मध्ये, लेआउट आणि आयबसच्या पद्धती एकाच यादीत आल्या. त्या यादीत मराठीखाली 'गमभन' आणि 'मिंग्लिश' ही ओळखीची नावं पाहून ती मुलगी हरखली. आता सल्ला उलटा: जरूर घ्या, पण 22.3 किंवा त्यापुढचं घ्या.

बाकीचं थोडक्यात. आयकर, बँक, व्हॉट्सॲप, झूम यांत अडचण आली नाही. प्रिंटर वायफायवर आपोआप सापडला. बॅटरी मात्र विंडोजपेक्षा थोडी लवकर उतरते. मशीनच जुनं आहे, त्यामुळे त्याचं मला फार वाटत नाही. मराठी शुद्धलेखन तपासनीस लिब्रेऑफिसला एक्स्टेन्शन म्हणून जोडता येतो. तो सामासिक शब्दांवर उगाच लाल रेघ मारतो, पण 'आशिर्वाद' सोडत नाही.

खरा अडसर छापखाना आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या माझ्या जुन्या फायली ढिगाने आहेत. फॉन्टची फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की त्या दिसतात, छापताही येतात. पण त्याच फॉन्टमध्ये नवं टंकन करायचं तर त्या-त्या कंपनीचं विंडोजचं सॉफ्टवेअर लागतं. नौपाड्यातल्या आमच्या प्रेसचा आग्रह अजून त्याच जुन्या फॉन्टचा आहे. "ताई, युनिकोड आमच्याकडे फुटतं," एवढंच ते सांगतात. म्हणून मी मजकुराची फाइल देणंच बंद केलं, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ देते. ती फुटत नाही आणि ल पाकळ्यांचाच छापून येतो. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची 1.6 आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली आणि देवनागरी जोडाक्षरं आता त्यात नीट जुळतात. मिंटच्या नेहमीच्या यादीत जुनी आवृत्ती दिसली तर फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतली घ्या. रंगाच्या कामासाठी प्रेसवाल्यांशी अजून बोलणी चालू आहेत. सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे आली आहे, ती सुरुवातीपासून स्क्रायबसमध्येच लावते आहे. मिंटच्या या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर नव्या लॅपटॉपचे पैसे बँकेतच राहतील.