बर्फातल्या वाटेसाठी बूट : बडोद्यातल्या एका खरेदीविषयी

बडोद्यात बर्फासाठी बूट घ्यायला गेले की दुकानदार आधी ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पुढे करतात आणि बहुतेक गिऱ्हाइकांचे तेवढ्यावर समाधान होते. अलकापुरीतल्या एका दुकानातून घेतलेले, घोट्याच्या वर येणारे, आत जलरोधक पडदा असलेले मध्यम किमतीचे बूट मी जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या बर्फाळ वाटेवर वापरले. त्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की बूट पायात कसा बसतो हे आधी पाहावे. पाणी अडवतो की नाही, हे त्यानंतर.

बूट घट्ट असला की बोटांकडचा रक्तप्रवाह मंदावतो आणि मग आतले अस्तर कितीही जाड असले तरी बोटे गारठतात. म्हणूनच दोन-दोन मोजे कोंबून घातलेल्या बुटापेक्षा, एकच जाड लोकरी मोजा घालून बोटे मोकळी हलवता येतील असा बूट अधिक ऊबदार ठरतो. या दुकानाचे मला मनापासून कौतुक वाटले ते याच कारणासाठी : दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात अशा संध्याकाळच्या वेळी, घरून नेलेले लोकरी मोजे घालून त्यांनी मला जिन्यावरून हवे तितके चढू-उतरू दिले आणि न मागता एक माप मोठी जोडीही आणून दिली. उतरताना बोटे पुढे आपटत नाहीत ना आणि चढताना टाच उचलली जात नाही ना, एवढेच तिथे पाहायचे असते. टाच हलत असेल तर वरच्या हुकांच्या आधी नाडीला एक जादा पीळ देऊन पाहावे. तरीही हलत असेल तर ती जोडी घेऊ नये, कारण वापराने बूट सैल होतो, टाचेची जागा काही आवळत नाही.

नवे बूट थेट हिमालयात नेऊ नयेत हे सगळेच सांगतात. बडोदेकरांना त्यासाठी पावागडचा डोंगर जवळ आहे. रोपवे टाळून, पाठीवर सॅक घेऊन वरच्या देवळापासून खाली माची या टप्प्यापर्यंतच्या पायऱ्या उतरल्या की नखांवर किती भार येतो ते कळते.

केदारकंठ्याचे शिखर सुमारे 12,500 फुटांवर आहे. पायथ्याच्या सांक्री गावाहून वर जाताना सकाळी कडक असलेला बर्फ दुपारच्या उन्हात भुसभुशीत होतो आणि बुटाची कसोटी तेव्हाच लागते. पडद्याने पाणी शेवटपर्यंत आत येऊ दिले नाही, हे मान्य करायला हवे. मात्र बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप लवकर उतरला, कापड पाणी पिऊ लागले आणि बूट जड व थंड झाले. या किमतीत ही उणीव मला खटकते. वरच्या काठातून शिरणाऱ्या बर्फापुढे तर कोणताही पडदा निरुपयोगी असतो, तिथे गेटरच, म्हणजे बुटाच्या काठावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणेच, हवीत. तळाच्या रबराला खोल खाचा असल्याने मऊ बर्फात पकड चांगली होती. अशा खोल खाचांच्या रबरी तळामागे एक दुर्घटना आहे : 1935 मध्ये इटालियन आल्प्समध्ये सहा सहकारी गमावल्यावर व्हिताले ब्रामानी यांनी तो घडवला आणि त्यांच्या नावावरूनच ‘व्हिब्रम’ हे नाव आले. तरीही गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर नुसते रबर धरत नाही. तिथे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर ताणून बसवायचे छोटे धातूचे दाते, चढवावे लागतात, आणि ते भाड्याने मिळतात. ओले बूट शेकोटीजवळ वाळवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण उष्णतेने डिंक सुटतो. रात्री ते पिशवीत घालून तंबूच्या आत ठेवावेत, नाहीतर सकाळी नाड्यासुद्धा काठीसारख्या ताठ झालेल्या असतात.

आपल्याकडच्या खरेदीत ज्याची चौकशी फारसे कोणी करत नाही, ती म्हणजे खोक्यावर छापलेला निर्मितीचा महिना आणि वर्ष. अनेक बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो आतून हळूहळू कुजतो. वापर नसला तरी कुजतो. एका ट्रेकनंतर माळ्यावर ठेवलेले, दिसायला अगदी नवे बूट काही वर्षांनी वाटेतच तळ सोडतात ते यामुळे. बडोद्याच्या पावसाळ्यातून गेलेल्या जुन्या मालाबाबत ही शंका अधिकच रास्त आहे. म्हणून भरघोस सवलत दिसली की मी आधी तारीख वाचतो, आणि घरचे बूट बंद खोक्यात न ठेवता हवेशीर जागी ठेवून अधूनमधून पायात घालतो.

केदारकंठा, ब्रह्मताल किंवा दयारा बुग्याल अशा हिवाळी ट्रेकसाठी या प्रकारचे बूट मी निःशंकपणे सुचवेन. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लांब लोखंडी दाते, लावून चढायच्या शिखरांसाठी ते चालणार नाहीत. त्यासाठी ताठ तळाचे वेगळे बूट लागतात. लडाखमधल्या चादर ट्रेकलाही हे नेऊ नयेत. तिथे गोठलेल्या झंस्कार नदीवरचे पाणी ओलांडायला लेहमध्ये मिळणारे गमबूटच लोक घालतात, आणि ते एक माप मोठेच घ्यावेत.