कंपनी बदलली, फोन तेच ठेवले: नऊ महिन्यांनंतर

माझा नंबर आठवडाभरात नव्या कंपनीत गेला. बायकोचा फोन मात्र तिथे रुळायला अडीच महिने लागले. पोर्टिंगबद्दल, म्हणजे नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याबद्दल, बोलताना सगळे पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात, म्हणून मी दुसरीबद्दल जास्त लिहिणार आहे.

कंपन्यांची नावं मुद्दाम घालत नाही. आमच्या गावात जी कंपनी चालते ती पुढच्या वाडीत नॉट रिचेबल असते, त्यामुळे माझी 'चांगली' तुमची 'चांगली' असेलच असं नाही. जुनी आणि नवी, एवढंच म्हणतो. दोन्ही खासगी.

घरात तीन फोन. माझा, २०२२ साली घेतलेला, ५जी. बायकोचा २०१८चा, ४जी, बॅटरी एकदा बदललेली, बाकी ठणठणीत. आणि गावी अण्णांचा बटणांचा फोन, ज्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. अट एकच होती: एकही नवा फोन घ्यायचा नाही.

निमित्त जुलै २०२४च्या दरवाढीचं. ३ आणि ४ जुलैला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. आमची जुनी कंपनी पुण्यात बरी होती, पण देवरुखजवळच्या आमच्या गावात घरात रेंज नाही. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं, त्यात घर खोलगट जागेत. अण्णांशी बोलायचं तर ते खळ्यात आलेले असले पाहिजेत. म्हटलं, पैसे जास्त द्यायचेच आहेत तर जिथे रेंज येते तिथे देऊ.

घाई केली नाही, हे एक शहाणपण. पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, म्हणजे फसलात तर तीन महिने अडकलात. म्हणून आधी नव्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम घेऊन माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं आणि दिवाळीला गावी घेऊन गेलो. पडवी, माजघर, विहीर, एसटी स्टँड, सगळीकडे फिरून कॉल लावले. माजघरात दोन दांड्या आल्या. अण्णांनी विचारलं, "हा काय सोन्याचा शोध चाललाय?" खूश होऊन पुण्याला परतलो. चूक तिथेच झाली होती. चाचणी फक्त माझ्या फोनवर केली होती.

पोर्टची कृती सोपी आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९००ला एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो. पॅकमध्ये एसएमएस नसला तरी हा एसएमएस जाऊ द्यावा, असं ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२१च्या डिसेंबरात कंपन्यांना बजावलेलं आहे. रिचार्जवाल्याने "त्यासाठी मोठा पॅक मारावा लागेल" सांगितलं तर ऐकू नका. पोस्टपेडवाल्यांनी बिल आधी भरावं. प्रीपेडमध्ये उरलेली व्हॅलिडिटी आणि बॅलन्स दोन्ही बुडतात, म्हणून पॅक संपायला चार-पाच दिवस असताना सुरुवात करावी. पोर्टिंगचं ठरलेलं शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे. आमच्याकडे एका दुकानाने 'पोर्टिंग चार्ज' दीडशे सांगितला. पुढच्या दुकानात सिम फुकट मिळालं.

बायकोचा नंबर तीन कामाच्या दिवसांत गेला. माझ्याला पाच लागले, कारण माझा नंबर मी मुंबईत नोकरीला असताना घेतलेला. मुंबई हे मोबाइल सेवेचं वेगळं सर्कल, म्हणजे विभाग, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून वेगळं. सर्कल बदललं की तीनाचे पाच होतात. मधल्या काळात जुन्या कंपनीचे फोन सुरू झाले. तेरा वर्षांत एकदा कधी 'कसे आहात' विचारलं नाही, आणि आता एका दिवसात तीन वेळा "सर, तुमच्यासाठी खास ऑफर." मन थोडं डळमळलं, खोटं कशाला सांगू.

एका रात्री अकराच्या सुमारास जुन्या सिमवर 'नो सर्व्हिस' आलं, नवं घातलं, पाच मिनिटांत मेसेज आला. व्हॉट्सॲपला काही कळलंसुद्धा नाही. यूपीआयला कळलं. सिम बदललं की ते पुन्हा एसएमएस पाठवून पडताळणी करतं, आणि आमच्या बँकेच्या ॲपने पहिला दिवसभर छोट्याच रकमा जाऊ दिल्या. घराचं भाडं किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी पोर्ट करू नका.

आता बायकोचा फोन. पहिल्या दिवशी नेट सुरूच होईना. सेटिंगमध्ये जाऊन एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणारी नोंद) हाताने भरलं, सुरू झालं. मग कॉलचं लक्षात आलं. नंबर लावला की आठ-दहा सेकंद नुसती शांतता, मग रिंग. आणि कॉल चालू असेपर्यंत वरचं ४जी गायब, नेट बंद. मंडईत भाजी घेताना तिने पैसे पाठवायला घेतले, तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला, पैसे अडकले. भाजीवाली मावशी हसून म्हणाली, "राहू दे, उद्या दे." ही घरी येऊन हसली नाही. "तुझ्या रेंजच्या नादात माझा चांगला चाललेला फोन बिघडवलास."

भानगड अशी. ४जीचं जाळं मुळात डेटासाठी आहे. आपला आवाजही डेटासारखा पाठवायचा, तर त्याला व्होल्टी लागतं. ते नसेल तर प्रत्येक कॉलला फोन ४जी सोडून खाली २जीवर उतरतो, कॉल संपला की परत वर चढतो. ती शांतता म्हणजे हा जिना उतरण्याचा वेळ. आणि व्होल्टी फोनमध्ये आहे म्हणजे सगळ्या कंपन्यांवर चालेल असं नाही. फोन बनवणारा ते सॉफ्टवेअरमधून कंपनीगणिक सुरू करून देतो. जुन्या कंपनीसाठी तिच्या फोनमध्ये ते सुरू होतं, नव्यासाठी नव्हतं. फोन तोच, पण दुसऱ्या सिमवर त्याचा अर्धा फोन झाला होता. (जिओकडे २जी नाहीच, तिथे व्होल्टी नसलेल्या फोनवरून साधा कॉलच लागत नाही. आमच्याकडे निदान उतरायला जिना होता.)

कस्टमर केअरला फोन केला. उत्तर: "मॅडम, हँडसेट जुना झालाय, नवीन ५जी घेऊन टाका." दुसऱ्यांदा केला, तेच. तक्रार नंबर घेतला, त्यावर अपीलही केलं. अपिलाचं उत्तर आलं की आपल्या भागात आमचं नेटवर्क उत्तम आहे. विचारलं काय, सांगताय काय!

शेवटी उलगडा झाला तो घरातच. फोनवर सॉफ्टवेअरचं एक अपडेट येऊन पडलेलं होतं, पण जागा नाही म्हणून ते उतरतच नव्हतं. जागा खाल्ली होती फॅमिली ग्रुपच्या सुप्रभातांनी. फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी बसून सात-आठ जीबी साफ केले, अपडेट उतरवलं, नेटवर्क सेटिंग रिसेट केलं, आणि सिमच्या पानावर व्होल्टीचं बटण उगवलं. रिसेटमध्ये घरातल्या आणि ऑफिसातल्या वायफायचे सगळे पासवर्ड पुसले गेले, ते आधी लिहून ठेवा. तेव्हापासून कॉल दोन सेकंदांत लागतो. म्हणजे अडीच महिने मी कंपनीला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या माझ्यावरच उलटल्या. पण कस्टमर केअरने 'फोन बदला' म्हणण्याआधी 'अपडेट केलंय का' एवढं विचारायला काय हरकत होती?

याचाच भाऊ म्हणजे बँड. प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या लहरींवर चालते, आणि जुन्या फोनला त्या सगळ्या ऐकू येतात असं नाही. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर म्हणजे बँड २८वर आणि २१००वर म्हणजे बँड १वर आहे. बऱ्याच जुन्या फोनांत बँड २८ नसतो. आकडा जितका लहान तितकी लहर लांब जाते आणि भिंतींना कमी भिते. आमच्या माजघरात २३००वालं काही पोचत नाही, ९००वालं पोचतं. फोनचं मॉडेल टाकून त्याचे बँड पाहायला दोन मिनिटं लागतात. सिम घेण्याआधी पाहा.

अण्णांचं प्रकरण वेगळंच. माझा एक भाऊ म्हणाला, त्यांना जिओचा ४जी बटणांचा फोन घेऊन दे, हजारभरात येतो. अण्णा म्हणाले, "या फोनची बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत. तो फोन तूच वापर." म्हणजे २जी चालू ठेवलेलीच कंपनी हवी होती, आणि नवी तशी होती. पोर्टला बसल्यावर कळलं, सिम अण्णांच्या नावावर नाहीच. २००६ साली माझ्या आतेभावाने स्वतःच्या कागदपत्रांवर घेऊन दिलेलं. आधार त्याचं, फोटो त्याचा, पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे ते त्यानेच. तो चिपळूणला. शेवटी जानेवारीत संक्रांतीच्या आसपास देवरुखला आला, तीळगूळ दिला, डोळे मिचकावले, नंबर त्याच्याच नावावर पोर्ट करून गेला. आपल्या नावावर कुठले नंबर चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' साइटवर दिसतं. म्हाताऱ्या माणसांसाठी धावपळ करण्याआधी तेवढं बघून घ्या.

दुकानदाराने सवयीने सिम एकदम नॅनो, म्हणजे सगळ्यात लहान, करून दिलं आणि चौकट कचऱ्यात टाकली. अण्णांच्या फोनला जुनं मोठं सिम लागतं. डबा उपसून चौकट शोधली, सिम त्यात बसवलं, मागून चिकटपट्टी लावली. फोन सुरू झाला, रेंज भरपूर. अण्णांनी नावांची यादी उघडली, तर रिकामी.

साठएक नंबर होते, सगळे जुन्या सिमवर साठवलेले. अण्णा काही बोलले नाहीत. फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर पडवीत जाऊन बसले. मला दरदरून घाम. पण जुनं सिम बंद झालं तरी त्यावरची नावं त्यावरच असतात. ते पुन्हा फोनमध्ये घातलं, मेनूत 'सगळी कॉपी करा' असं होतं, ती फोनच्या मेमरीत घेतली, मग नवं सिम. दोन दाबून ठेवलं की मी, तीनला ताई, चारला डॉक्टर, हे पुन्हा लावून दिलं. अण्णांनी चार दाबून डॉक्टरांना उगाच फोन लावला, "काही नाही, बघत होतो" म्हणाले आणि ठेवला. जुनी सिमं फेकू नका, आणि बटणांच्या फोनवाल्यांनी आधी ही कॉपी करा.

त्यांच्याबाबतीत उशीर पथ्यावर पडला. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने नुसत्या कॉल-एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला सांगितलं, जानेवारीत ते आले. आधी अण्णांचे २८ दिवसांना १९९ जात, वापरत नसलेल्या डेटासकट, म्हणजे ८४ दिवसांचे ५९७. २०२५मध्ये ८४ दिवसांचा पॅक ४४८ ते ४७०च्या दरम्यान मिळू लागला. आम्हा दोघांचे मात्र काही वाचत नाहीत. माझ्या तर उलट वाढले, कारण अमर्याद ५जी हवं तर रोजचा दोन जीबीवाला पॅक घ्यावा लागत होता, आणि मी आधी दीडवाला घेऊन बसलो होतो. गावी जुन्या कंपनीचं नेटचं एक डोंगल पडलंय, ते तिच्याच सिमला बांधलेलं निघालं. भारतात फोन बहुतेक मोकळे असतात, डोंगलं नसतात.

दिवाळीच्या चाचणीत एक गोष्ट कळणार नव्हती: पावसाळा. जुलैत गावी दोन दोन दिवस वीज नव्हती. टॉवरची बॅटरी चार-पाच तास टिकते असं आमच्या अनुभवावरून वाटतं, मग नवी कंपनीही जुन्यासारखीच गप्प. त्या दोन दिवसांत शेजारच्या काकांच्या तिसऱ्याच कंपनीच्या फोनवरून अण्णांची खुशाली कळली. आता माझ्या फोनची दुसरी खाच त्या तिसऱ्या कंपनीसाठी ठेवली आहे. अण्णांच्या फोनला खाच एकच.

आणि गणपती. सगळी वाडी मुंबईहून भरलेली, प्रत्येकाच्या हातात फोन. आरतीला पुण्यातल्या ताईला व्हिडिओ कॉल लावला, 'सुखकर्ता'ला चित्र गोठलं ते 'घालीन लोटांगण'पर्यंत तसंच. बायकोच्या फोनवरून साधा कॉल लावला, तो मात्र खडखडीत, तिने आरती ऐकली. अण्णांचा फोन मखराशेजारी ठेवलेला, मध्येच वाजला. माजघरात. त्यांनी घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या बोलले.

आतेभाऊ दर्शनाला येऊन गेला. सिमचं नाव बदलायचं पुन्हा राहिलं.